निलगिरीच्या झाडाचे माहेर

आमच्या घरी फडताळाच्या वरच्या कप्प्यात निलगिरीच्या तेलाची बाटली नित्य असे. पडसे झाले की आजी कढत पाण्यात चार थेंब टाकून, डोक्यावर पंचा पांघरवून वाफारा घ्यावयास लावीत. दक्षिणेत निलगिरी नावाचा पर्वत आहे, तेथे हे झाड उगवते, म्हणून झाडासही तेच नाव, अशी आमची बालपणापासूनची समजूत होती. बडोद्यातील आमच्या गुजराती शेजाऱ्यांचीही तीच, कारण त्यांच्या भाषेतही हे झाड निलगिरीच. ही समजूत मोडली ती उटकमंडच्या सरकारी वनस्पती उद्यानात.

मे महिन्यातील पुष्पप्रदर्शन आटोपून गेले होते. हिरवळीवर गर्दी अशी नव्हती. दोड्डबेट्टाच्या उतारावर सुमारे २२ हेक्टरांत पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे हे उद्यान आहे. खालच्या अंगाला गवताचे गालिचे, वर काचगृह, त्याही वर दाट वृक्षराजी. दोन कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षाचा दगड झालेला बुंधा येथे मांडून ठेवला आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी छायाचित्र काढून घेतो. आम्हीही काढले.

या शोभेचा आरंभ मात्र भाजीपाल्यात आहे. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये या पठारावर आला आणि त्यामागून गोऱ्या लोकांची वसाहत झाली. त्यांना हवी ती कोबी, गाजरे, सलगम येथे कोठून मिळणार? तेव्हा १८४५ च्या सुमारास रहिवाशांनी दरमहा ३ रुपये वर्गणी काढून भाजीचा मळा केला. तो नीट चालला नाही. पुढे मद्रासचे गव्हर्नर मार्क्विस ऑफ ट्वीडेल यांच्या कारकिर्दीत रीतसर उद्यान करण्याचे ठरले आणि १८४८ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेला विल्यम ग्रॅहम मॅकआयव्हर येथे आला. १८७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो याच पर्वतावर राहिला. (क्यूची ही परंपरा बडोदेकरांस अपरिचित नाही. जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल क्यूहूनच १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले व १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेले.)

मॅकआयव्हरचे नाव इतिहासात राहिले ते फुलांमुळे नव्हे, तर सिंकोनामुळे. या झाडाच्या सालीपासून कोयनेल होते, आणि हिवतापाच्या देशात राज्य करणाऱ्यांना कोयनेल म्हणजे प्राणच. क्लेमेंट्स मार्कहॅम याने १८६० मध्ये दक्षिण अमेरिकेतून रोपे आणविली. त्यांतील बहुतेक वाटेत व येथे आल्यावर मेली. १८६१ मध्ये लाल सालीच्या जातीचे बियाणे आणि रोपे पोहोचली, तेव्हा मॅकआयव्हरने ती हजारोंनी वाढविली. सालीच्या पट्ट्या काढाव्यात, उघड्या खोडावर ओले शेवाळ बांधावे, म्हणजे झाड न तोडता साल पुन्हा भरून येते, ही युक्तीही त्याचीच. नडुवट्टमच्या मळ्यांत खपावयास मात्र चिनी कैदी होते, हे उद्यानातील पाट्या सांगत नाहीत. आपल्या महाबळेश्वराजवळ लिंगमळा येथेही त्याच दशकात सिंकोना लावून पाहिला होता; तो प्रयोग फसला.

आणि निलगिरी? त्याचे माहेर ऑस्ट्रेलिया. १८४३ मध्ये कॅप्टन कॉटन या लष्करी इंजिनियराने ते या पर्वतावर आणले, असे नमूद आहे. या पठारावर पूर्वी दऱ्यांच्या खोबणींतून ‘शोला’ नावाची बुटकी, दाट राने आणि त्यांच्या सभोवार उघडी गवताळ कुरणे होती. वसाहतीच्या चुलींसाठी व शेकोट्यांसाठी शोला तुटू लागल्या. सरपण संपले, तेव्हा झपाट्याने वाढणारे हे परदेशी झाड उपाय म्हणून कुरणांवर लावण्यात आले. तिकडूनच आलेल्या वॉटलनेही तोच मार्ग धरला. बारा वर्षांनी एकदा फुलणारी निळी कुरिंजी याच कुरणांवर येते. पर्वताचे नाव या झाडाहून कित्येक शतके जुने आहे. झाडाने ते आपल्याकडे येता येता उचलले.

तेथील वृद्ध माळीबुवांस आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, ‘याला इकडे काय म्हणतात?’ ते म्हणाले, ‘तैलमरम.’ म्हणजे तेलाचे झाड. ज्यांच्या दारात ते उभे आहे, त्यांनी त्यास पर्वताचे नाव दिलेले नाही. दूरच्या आपण दिले. पाच-सहा पिढ्यांपूर्वी घाटाखालून उठून गुजरातेत गेलेल्या आमच्यासारख्या घराण्यांना ‘तुमचे मूळ कोठले?’ हा प्रश्न अद्यापि पुसला जातो. त्यामुळे त्या उंच, सोललेल्या बुंध्यापुढे आम्ही अंमळ रेंगाळलो. पण ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. आमच्या पूर्वजांनी कोणाचे कुरण झाकून टाकले नव्हते, असे निदान आम्ही मानतो.

ज्यांचे झाकले गेले, त्यांची वस्ती उद्यानाच्या वरच्या टोकाशीच आहे. तोडा लोकांचे हे ‘मंड’ उद्यानाच्याही आधीचे. उटकमंड या नावातला शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांचे सारे जीवन म्हशींभोवती आणि म्हशींचे गवताभोवती. अलीकडच्या काळात वॉटल उपटून काही ठिकाणी कुरणे परत आणण्याचे प्रयत्न चालू झाले आहेत, आणि स्थानिक गवतांची रोपे त्यासाठी वाढवावी लागतात. आम्ही चढून गेलो तेव्हा अर्धवर्तुळाकार छपराच्या देवळाबाहेर एक वृद्धा पांढऱ्या वस्त्रावर तांबड्या-काळ्या धाग्यांनी भरतकाम करीत बसल्या होत्या. त्यांच्या मागे, जेथवर दृष्टी जाई तेथवर, निलगिरीच उभे होते. फाटकाबाहेर उतरलो तो तेलाच्या दुकानांची रांग. आजी नाहीत, तरी एक बाटली घेतली.