ह्यो न्हय, पलीकडलो

मागचे काही भाग आपण लढाया आणि किल्ल्यांवर बोललो. आज एका झाडावर बोलणार आहे. पस्तीस वर्षं वर्दीत घालवलेल्या माणसानं झाडपाल्यावर बोलावं हे काहींना विचित्र वाटेल, पण या गोष्टीतही एक फौजी आहे.

माझं गाव सावंतवाडीजवळ. लहानपणी हगवण लागली की आई घराच्या मागच्या घाटीवर जायची, कुड्याचं मूळ घेऊन यायची, ते सहाणेवर ताकात उगाळायची आणि नाक दाबून पाजायची. (हे ऐकून कुणी घरी प्रयोग करू नका. डॉक्टर आहेत, ओआरएस आहे.) त्या घाटीवर दोन झाडं शेजारी शेजारी होती, दिसायला सख्खे भाऊ. मी एकदा चुकीच्या झाडाला हात लावला तेव्हा ती म्हणाली, "झिला, ह्यो न्हय, तो पलीकडलो." पुढे मी अधिकारी झाल्यावर सुट्टीवर आलो की ती म्हणायची, चल, एकदा नीट दाखवते. माझं परतीचं रिझर्वेशन नेहमी उद्याचं असायचं.

आई २००९ साली गेली. निवृत्तीनंतर मी सिकंदराबादला स्थायिक झालो. २०१९च्या मे महिन्यात नातवाला घेऊन गावी गेलो, घाटीवर उभा राहिलो, आणि कुठला कुडा कुठला ते मला सांगता येईना. दोन्ही झाडांवर पांढरी फुलं. फौजेत नकाशा वाचायला शिकवणारा मी, स्वतःच्या परसात वाट चुकलो होतो.

मग मी पुस्तकांकडे वळलो आणि पोचलो थेट कोचीनला.

१६६३ साली डचांनी पोर्तुगिजांकडून कोचीन घेतलं. त्या मोहिमेत हेंड्रिक फान ऱ्हेडे नावाचा एक तरुण होता, डच कंपनीच्या फौजेत शिपाईगिरीपासून चढत गेलेला. १६७० साली तो मलबारचा प्रमुख झाला. आपली माणसं आजारी पडली तर औषध युरोपातून यायची वाट बघायची, आणि ते येईपर्यंत शिळं झालेलं, ही अडचण ज्यानं छावणीत दिवस काढलेत त्याला लगेच कळते. जंगल दारात असताना हे कशाला? त्याच्या ग्रंथामागे विज्ञानप्रेम होतं, कंपनीतलं राजकारणही होतं, पण मला तरी त्यात आधी रसद दिसते.

त्यातून 'हॉर्टस मलबारिकस' तयार झाला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापलेले १२ खंड, ७४२ वनस्पती. स्वतः फान ऱ्हेडे शेवटचा खंड बघायला राहिला नाही. १६९१च्या डिसेंबरात मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावर तो वारला. त्याची कबर सुरतेत आहे.

पण माहिती कुणाची? मुख्यतः इट्टी अच्युतन या वैद्याची. चेर्तलाजवळच्या कोल्लाट घराण्यातला, एळवा समाजातला पिढीजात वैद्य. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी ब्राह्मण वैद्य. गोव्याकडून कोचीनला गेलेल्या समाजातले हे लोक. एप्रिल १६७५मध्ये या सगळ्यांनी आपापल्या साक्षी लिहून दिल्या आणि त्या पहिल्या खंडात जशाच्या तशा छापल्या आहेत. इट्टी अच्युतनची जुन्या मल्याळी लिपीत, तिघांची कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲम्स्टरडॅममध्ये छापलेली ती वळणं स्क्रीनवर पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, खोटं नाही सांगत.

तिघा भटांकडे निघंटू होता. इट्टी अच्युतनकडे घरची पोथी आणि हाताचा अनुभव. त्याचं मल्याळी बोलणं आधी पोर्तुगीजमध्ये गेलं, आणि शेवटी लॅटिनमध्ये छापलं गेलं. इतक्या हातांतून गेल्यावर किती गळलं असेल याचा अंदाज ज्यानं वायरलेसवर चार ठाण्यांतून निरोप पाठवलाय त्याला येईल.

आणि हे ज्ञान तेव्हाही सनातन नव्हतं बरं का. या ग्रंथात काजू आहे, पपई आहे, अननस आहे. तिन्ही झाडं अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या काळात आलेली. मल्याळीत काजूला कप्पलमाव म्हणतात, म्हणजे जहाजाचा आंबा. दीडेकशे वर्षांत परकी झाडं वैद्याच्या यादीत बसली होती. 'आमच्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं' म्हणणाऱ्यांनी ही यादी बघावी. पूर्वज शिकत होते, हा मला जास्त मोठा गुण वाटतो.

आता माझा कुडा. पहिल्या खंडात तो 'कोडगपाला' नावानं आहे. १७५३ साली स्वीडनच्या लिनियसनं जगभरच्या वनस्पतींना नावं दिली, तेव्हा भारतातल्या कित्येक झाडांसाठी त्याचा आधार हाच ग्रंथ होता. आपल्या बकुळीच्या शास्त्रीय नावातलं 'एलेंगी' हे मल्याळी 'इलञ्ञी' आहे. पण कुड्याच्या बाबतीत त्यानं मलबारचं झाड आणि सिलोनचं एक झाड एकाच नावाखाली घातलं. पुढे रॉबर्ट ब्राउननं दोन गट वेगळे केले तरी गोंधळ मिटला नाही. युरोपात 'टेलिचेरी बार्क' म्हणून जी साल विकली जायची तिच्यात दुसऱ्याच झाडाची साल मिसळलेली असायची. गुण येईना, म्हणून औषधच बदनाम झालं. विसाव्या शतकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रांनी (तेही वर्दीतलेच) त्याची पुन्हा रीतसर तपासणी केली.

म्हणजे माझी आई तीन शब्दांत जे सांगायची, ते विद्वानांनी शंभर वर्षं घोळात ठेवलं. पण तिचे तीन शब्द तिच्याबरोबर गेले आणि विद्वानांचा घोळ छापलेला असल्यानं दुरुस्त करता आला, हेही तितकंच खरं.

मलबारच्या लोकांना मात्र त्यांचाच ग्रंथ तीनशे वर्षं वाचता येत नव्हता. कालिकत विद्यापीठाच्या के. एस. मणिलाल यांनी आयुष्य घालून त्यातली झाडं पुन्हा रानात शोधली. इंग्रजी भाषांतर २००३ साली आलं, मल्याळी २००८ साली. इट्टी अच्युतनचं बोलणं त्याच्या भाषेत परत यायला एवढा वेळ लागला.

मला पुस्तकांतून एक खूण मिळाली. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात. पांढऱ्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याच्या म्हणजे गोड इंद्रजव. म्हणून २०२०च्या जानेवारीत, शेंगांच्या दिवसांत, नातवाला घेऊन पुन्हा घाटीवर गेलो. अलीकडच्या झाडाच्या शेंगा टोकाला जुळलेल्या होत्या. पलीकडच्याच्या सुट्या.

नातवानं मोबाइलवर फोटो काढला, ॲपनं लॅटिन नाव अचूक सांगितलं. मग त्यानं विचारलं, "आजोबा, मूळ कुठल्या बाजूचं काढायचं? आणि झाड मरत नाही का?"

आई दरवर्षी त्याच झाडाकडे जायची आणि झाड अजून उभं होतं. ती कसं काढायची, ते मी तिला कधी विचारलं नव्हतं.