पाच दिवसांचे युद्ध आणि लातूरचे वीस दिवस

सप्टेंबर लागला की मराठवाड्यात दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एकात रझाकारांच्या अत्याचारांची यादी असते आणि शेवटी बोट दाखवलेले असते आजच्या मुसलमान शेजाऱ्याकडे. दुसऱ्यात निजाम म्हणजे दलितांचा कैवारी, आणि भारताने त्याच्यावर आक्रमण केले, असे लिहिलेले असते. निळा झेंडा डीपीला लावणारी आपलीच पोरे हे दोन्ही मेसेज पुढे पाठवतात. २०२२ पासून केंद्र सरकार १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्तीदिन साजरा करू लागल्यापासून पहिल्या प्रकाराला जास्तच ऊत आला आहे. आमचे म्हणणे या दोन्हींच्या विरोधात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी मूळ प्रश्न. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताने हैदराबादवर फौज पाठवली ते न्याय्य होते का? आमचे उत्तर, होय. २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला. पुढे सात-आठ महिने वाटाघाटी चालल्या, मसुदे झाले, ते फेटाळले गेले. त्याच काळात लातूरचा वकील कासीम रझवी याच्या इत्तेहादुल मुसलमीनचे रझाकार खेडीपाडी लुटत होते, जाळत होते. विरोध करणारा मुसलमान असला तरी सुटका नव्हती. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर खून झाला, हे पहिल्या मेसेजवाल्यांनी जरूर वाचावे. राज्य आपल्या प्रजेचे रक्षण करीत नाही, उलट मारेकऱ्यांना मोकळे सोडते, आणि बोलणी संपलेली आहेत. अशा वेळी शस्त्र उचलणे हा धर्मभंग नाही.

बाबासाहेबांची भूमिका याबाबत स्पष्ट होती. २७ नोव्हेंबर १९४७ च्या निवेदनात त्यांनी हैदराबादेतल्या अस्पृश्यांना निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नका असे बजावले. ही साधी गोष्ट नव्हती. बी. एस. व्यंकटराव निजाम सरकारात मंत्री झाले, श्यामसुंदर संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळात होते. या दोघांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आम्ही म्हणणार नाही. गावातला पाटील-देशमुख रोज माणूस म्हणून जगू देत नसेल, तर दूरचा निजाम जवळचा वाटतो. पण निजामाच्या राज्यातही वेठबिगार चालूच होती आणि वतनदार जागेवरच होते, एवढे विसरून चालत नाही.

आता कुणी म्हणेल, बौद्ध होऊन युद्धाचे समर्थन कसे करता? हा प्रश्न सिंह सेनापतीनेही बुद्धांना विचारला होता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये तो प्रसंग घेतला आहे. शांततेचे सारे उपाय हरल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला बुद्ध दोष देत नाहीत. त्याच ग्रंथात बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. बुद्धांनी निषेध केला तो नुसत्या इच्छेने केलेल्या हत्येचा. तरुणपणी, १९१८ साली, बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकावर लिहितानाही त्यांनी बळ आणि हिंसा या दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. म्हणजे हा विचार त्यांच्या मनात जवळजवळ चाळीस वर्षे होता.

पण हीच फूटपट्टी पुढेही लावावी लागते. १३ सप्टेंबरला फौज शिरली आणि १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवस. इथपर्यंत गरज होती. त्यानंतर काय झाले?

नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये राज्यात फिरून अहवाल दिला. पोलीस अ‍ॅक्शनच्या दरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज. सर्वांत वाईट हाल उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांचे, त्यांतच अठरा हजारांहून कमी नाहीत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझवीचे गाव, आणि श्रीमंत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी बाजारपेठ. तिथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली, असे अहवाल सांगतो. शहरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते. समिती गेली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीस यांचाही लुटीत, हत्येत हात होता, हेही समितीने नोंदवले. सरकारने हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध होऊ दिला नाही.

लातूरच्या त्या व्यापाऱ्याचा, विणकराचा, टांगेवाल्याचा गुन्हा काय? रझवीचा धर्म आणि त्यांचा धर्म एक, एवढाच. आणि खुद्द रझवी? त्याला अटक झाली, रीतसर खटला झाला, शिक्षा भोगून तो १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. पुढाऱ्याला कायदा मिळाला, त्याच्या गावच्या गरिबाला कुऱ्हाड मिळाली.

सरकारने या कारवाईला युद्ध म्हटले नाही, ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटले. आमच्याकडची म्हातारी माणसे आजही वय सांगताना ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या साली’ म्हणतात. ठीक आहे, नाव मान्य करू. मग पोलिसाचे पहिले काम कोणते? नागरिकाचा जीव वाचवणे. १८ सप्टेंबरपासून सारा कारभार जनरल चौधरींच्या लष्करी सरकारकडे होता. त्या राजवटीत एका शहरात वीस दिवस कत्तल चालते, तर पोलीस कुठे होते? हाच प्रश्न आपण पुढे तीस वर्षांनी विचारणार होतो.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, ती आम्हाला फार मोलाची वाटते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यात स्वतःचे प्राणही गमावले. समितीच्या मते ही आपुलकी एका धंद्यातल्या माणसांत विशेष दिसली. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्गजाणीव वगैरे खूप वाचले, पण तिचा इतका जवळचा दाखला अभ्यासक्रमात कधी भेटला नाही.

आता शांततेचे. गोळीबार थांबला म्हणजे शांतता, की अन्यायाची घडी मोडली म्हणजे शांतता? योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९६९ मध्ये हा फरक मांडला. बाबासाहेबांनी त्याआधी वीस वर्षे, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत, राजकीय समता आणि सामाजिक विषमता एकत्र नांदली तर लोकशाहीच धोक्यात येईल, हे सांगितले होते. मराठवाड्यात नेमके तेच झाले. १९४९ मध्ये जहागिरदारी गेली, १९५० मध्ये कूळकायदा आला. पण ज्याच्याकडे कूळ म्हणूनही जमीन नव्हती त्या महार-मांगाला त्यातून काय मिळणार? उलट ‘तुम्ही रझाकाराचे’ हा शिक्का कित्येक गावांत त्याच्याच कपाळी बसला. त्याने गायरान कसायला घेतले, तर तेवढ्यावरून मार खाल्ला. १९५९ आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. गायरानाचे तंटे अजून तहसील कचेरीत चालूच आहेत.

आणि मग १९७८. २७ जुलैला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातले दलितवाडे पेटले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारले. १९४८ मध्ये शेजाऱ्याचे घर जाळून मोकळे राहता येते हे ज्या गावांनी पाहिले होते, त्यांना १९७८ मध्ये कुणाची भीती वाटणार होती? लातूरच्या वीस दिवसांचा हिशेब कुणी मागितला नाही, म्हणून मुसलमानांनंतर पाळी आपली आली, असे आमचे मत आहे. इतिहासकार याला आणखी कारणे जोडतील, जोडावीत. जमीन, शिक्षण, नोकऱ्या ही कारणे आहेतच. पण शिक्षा होत नाही हा अनुभव त्या सगळ्यांच्या तळाशी आहे.

म्हणून पोरांनो, १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जरूर जा. रझाकारी संपली, याचा आनंद आपलाही आहे. पण भाषणाला उभे राहिलात तर शोएबुल्ला खान यांचे नाव घ्या, लातूरचे वीस दिवस सांगा आणि त्या विणकरांचेही सांगा. टाळ्या कमी पडतील.

आपल्या नांदेडात २५ नोव्हेंबर १९९३ ला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेड, लातूर आणि परभणी त्या विद्यापीठातून वेगळे काढून नांदेडला नवे विद्यापीठ उघडले. नाव दिले स्वामी रामानंद तीर्थांचे आणि मुहूर्त निवडला १७ सप्टेंबरचा. स्वामीजींबद्दल आमच्या मनात आदरच आहे, ते रझाकारी राजवटीविरुद्ध लढले, तुरुंगात गेले. पण ज्या जिल्ह्याने बाबासाहेबांच्या नावासाठी पोचीराम आणि गौतम दिले, त्या जिल्ह्यातल्या मुलामुलींच्या पदवीवर आता ते नाव येत नाही. आमच्याही एम.ए.च्या पदवीवर नाही.