धानाची सुगी, नाटकाचा मांडव आणि सरकारची तिजोरी

कलेवर सरकारने पैसा खर्च करावा काय? करावा, तर कोणत्या कलेवर, आणि ते ठरवायचे कोणी? हा प्रश्न ऐकला की आपल्याला वाटते, ही मोठ्या शहरांतली चर्चा आहे. आपल्या गावाशी तिचा काय संबंध? म्हणूनच आज मी हा प्रश्न हेमलकशापासून सुरू करणार आहे.

हेमलकसा हे गाव गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडच्या अलीकडे आहे. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. बाबा आमटे यांनी 1973 साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथले माडिया लोक पीक हाती आले की ढोल वाजवून फेर धरत आले आहेत. या नाचाला तिकीट नाही, बिदागी नाही. इकडे नाचणारे आणि तिकडे पाहणारे, अशी वाटणीही नाही. गाव नाचते आणि गावच पाहते.

याच जिल्ह्यात तुम्ही उत्तरेकडे वडशाला आलात, तर चित्र अगदी निराळे दिसते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांचा हा धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. त्याला आपण झाडीपट्टी म्हणतो. दिवाळी झाली, धान कापून झाले, की गावोगाव मंडई भरते, शंकरपटात बैलजोड्या धावतात आणि रात्री नाटक उभे राहते. दहाच्या सुमारास पडदा वर जातो तो उजाडेपर्यंत. पाहुणे नाटकाच्या निमित्ताने येतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि सोयरिकीही तिथेच जुळतात. नाटक कंपन्यांची कार्यालये वडशाला आहेत. गावचे मंडळ तिथे जाऊन प्रयोग ठरवते, मांडव घालते, तिकिटे विकते. नफा झाला तर गावाचा, तोटा झाला तर तोही गावाचाच. हा सारा व्याप मुख्यतः शेतकऱ्याच्या खिशातून चालतो.

म्हणजे एकाच जिल्ह्यात कला जगवण्याच्या दोन रीती झाल्या. एक पैशाविना चालणारी, दुसरी तिकिटावर चालणारी. आश्रयदात्याच्या पैशावर चालणारी तिसरी रीत समजून घ्यायची तर आपल्याला थोडे मागे, सांगलीला जावे लागेल.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो तो त्याचीच आठवण म्हणून. पुढे 1851 साली आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आश्रय आटला. बरे, मग भाव्यांनी नाटक सोडले काय? नाही. ते आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले, आणि 1853 साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजा गेला, पण प्रेक्षक धावून आला. मराठी नाटक स्वतःच्या पायावर उभे राहिले ते असे.

गाण्याचे मात्र तसे झाले नाही. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला राहिले, फैयाज खाँसाहेब बडोद्याला. दोघांनाही दरबारचा आधार होता. राजे लोकांना गाण्याचा कान होता म्हणून गाणे टिकले, हे आपण मान्य केले पाहिजे. पण राजाच्या मर्जीतून जो उतरला त्याचे काय? आणि जो कधी दरबारापर्यंत पोहोचलाच नाही, त्या जात्यावरच्या ओवीचे आणि दंडारीचे काय? 1948-49 साली संस्थाने विलीन झाली आणि हा आधारही गेला. आता राजाच्या जागी कोण, हा प्रश्न नव्या सरकारपुढे उभा राहिला.

नेमका हाच प्रश्न त्या काळी युरोपलाही पडला होता. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, इंग्लंडमध्ये एक समिती निघाली. बाँब पडत होते, माणसे खचत होती. अशा वेळी तिने खाणकामगारांच्या वस्त्यांत आणि कारखान्यांत नाटके व गाणी पाठवली. युद्ध संपल्यावर तिचेच 1946 साली कला परिषदेत रूपांतर झाले. तिची कल्पना अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी 1945 साली एका रेडिओ भाषणातूनच लोकांना समजावून दिली होती. योजना अशी होती की पैसा सरकारने द्यावा, परंतु कोणते नाटक करावे, कोणते गाणे गावे, यात मंत्र्याने हात घालू नये. मधे एक स्वतंत्र मंडळ असावे.

योजना चांगली होती. पण वाद तिथेच सुरू झाला. मंडळातली माणसे राजधानीची, तेव्हा पैशाचा मोठा ओघ लंडनच्या संगीत-नाट्यगृहाकडे वळला, आणि 1950 नंतरच्या काही वर्षांत परिषदेची प्रांतोप्रांतीची कार्यालये बंद झाली. निवडक उत्तम कला जोपासायची, की थोडी थोडी सगळीकडे पोहोचवायची? एकाच विहिरीचे पाणी. एका मळ्याला पुरेसे द्यावे, की दहा वाफ्यांत वाटावे?

फ्रान्सने 1959 साली संस्कृतीचे स्वतंत्र मंत्रालय काढले आणि आंद्रे मालरो या लेखकाला मंत्री केले. गावोगाव संस्कृतिगृहे बांधावी, पॅरिसची कला प्रांतांत न्यावी, असा त्यांचा हेतू होता. जर्मनीने नेमके उलटे केले. हिटलरच्या राजवटीत प्रचारखात्याने सारी कला मुठीत धरली होती. तो अनुभव ताजा असल्यामुळे 1949 च्या पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेत संस्कृतीचा कारभार मुख्यतः घटक राज्यांकडे ठेवला गेला. तीन देश, तीन उत्तरे. प्रत्येकाने आपल्या जखमेप्रमाणे औषध शोधले.

आणि आपण? आपण दिल्लीत 1953 साली संगीत नाटक अकादमी काढली, 1954 साली साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी काढली. त्याच 1954 साली मुंबई राज्याने नाट्यमहोत्सव सुरू केला. त्यातूनच आपली राज्य नाट्यस्पर्धा वाढली आणि तिने मराठीला किती नट, किती नाटककार दिले! पण एक गोष्ट पाहा. 1954 साली आपला चांदा जिल्हा मुंबई राज्यात नव्हताच. तो मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. 1956 साली तो मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. त्या स्पर्धेची पहिली घडी बसली तेव्हा झाडीपट्टी दाराबाहेर होती. ती घडी दोन-तीन तासांच्या नाटकाची, बंदिस्त नाट्यगृहाची, परीक्षकांची. आमचे रात्रभराचे, मोकळ्या मांडवातले, गाण्यांनी भरलेले नाटक त्या मापात कसे बसणार? कोणी मुद्दाम अन्याय केला असे नव्हे. मापच दुसऱ्या धान्याचे होते.

सरकार रसिकता ठरवू लागले की काय होते, याचा दाखला रेडिओच्याच इतिहासात आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे 1952 पासून दहा वर्षे नभोवाणीमंत्री होते. मोठे संगीतप्रेमी. त्यांच्या काळात 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि दरबार गमावलेल्या कितीतरी गवयांना रेडिओने हात दिला. हे पुण्य त्यांच्या पदरी आहेच. पण लोकांची आवड सुधारावी म्हणून त्यांनी सिनेमाची गाणी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले! शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली. आणि आपल्या भजनी मंडळाची पेटी? तिच्यावर तर रेडिओने 1940 साली बंदी घातली ती कित्येक वर्षे उठली नव्हती. इकडे देवळात, कीर्तनात, नाटकात पेटी वाजतच राहिली.

तेव्हा तुम्ही म्हणाल, सरकार दूरच बरे! गावाने पैसा काढावा, गावाने नाटक पाहावे. मलाही हे उत्तर आवडले असते. पण 2020 सालची आठवण करा. साथ आली, गर्दीला बंदी झाली, मांडव उभे राहिले नाहीत. तिकिटावर पोट असलेल्या नटाने, पेटीवाल्याने, पडदे रंगवणाऱ्याने त्या हंगामात काय खावे? लोकाश्रय गोड असतो, पण तो सुगीसारखा असतो. बुडाला की वर्ष बुडते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, त्याचा आपल्या साऱ्यांना अभिमान वाटला. पण एका नटाचा सन्मान झाला म्हणून मांडवामागच्या शंभर हातांची म्हातारपणाची सोय होत नाही. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना आहे. ती आपल्या गावातल्या पात्र माणसापर्यंत पोहोचली की नाही, हे आपणच पाहिले पाहिजे.

आता पुन्हा जंगलाकडे वळू. माडिया नाचाला पैसा लागत नाही असे मी म्हणालो. मग त्याला सरकारकडून काहीच नको काय? याचे उत्तर याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या गोंड गावात मिळते. गोटूल म्हणजे गोंड गावाचे सामाईक घर. तिथे नाचगाणे होते, तरुण पोरे वळण शिकतात, गावाचा विचारही तिथेच होतो. 1980 नंतरच्या दशकात मेंढ्याच्या लोकांनी आपले मोडलेले गोटूल पुन्हा उभारले. त्यासाठी त्यांनी जंगलातले सागवान वापरले. वनखात्याच्या लेखी ते बेकायदा लाकूड होते. खात्याने गोटूल पाडले. गाव हटले नाही. त्यांनी ते पुन्हा बांधले, आणि आसपासच्या गावांनीही आपापली गोटुले बांधायला घेतली. पुढे 2006 साली वनहक्क कायदा झाला, आणि 2009 साली याच मेंढ्याला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

या गोष्टीचा अर्थ नीट पाहा. त्या गावाने अनुदान मागितले नव्हते. बक्षीस मागितले नव्हते. त्याला हवे होते लाकूड, आणि आपले घर आपण बांधण्याची मोकळीक. सरकारचे एक खाते लोकनृत्याला राजधानीत बोलावून टाळ्या देते आणि दुसरे खाते त्या नाचाचे घर पाडते, तर त्या टाळ्यांचा उपयोग काय?

माझे म्हणणे एवढेच आहे. कलेसाठी किती पैसा, हा दुसरा प्रश्न आहे. ती कला कशावर उभी आहे, हा पहिला. माडिया फेर उभा आहे जंगलावर, गोटुलावर आणि माडिया बोलीवर. झाडीपट्टीचे नाटक उभे आहे धानाच्या पिकावर आणि गावाच्या पटांगणावर. सरकारने हे पाय शाबूत ठेवावे. पटांगण द्यावे, रस्ता आणि वीज द्यावी, शाळेत मुलाच्या बोलीला मान द्यावा, संकटात कलावंताला हात द्यावा. कोणते नाटक पाहायचे आणि कोणत्या तालावर नाचायचे, हे मात्र गावावर सोडावे.

आणि गुरुजी, बाई, तुमच्याकडे एक काम आहे. यंदा मंडई झाली की मुलांना मंडळाच्या लोकांकडे पाठवा. नाटकाला खर्च किती आला, तो कोणी दिला, उरलेला पैसा कुठे गेला, हे त्यांना विचारून लिहू द्या. माडिया किंवा गोंड वस्तीत शाळा असेल, तर आजीला येणारी गाणी तिच्याच बोलीत उतरवून ठेवा, तिची परवानगी घेऊन. त्या वहीवर मुलांची नावे आणि साल घाला, आणि ती शाळेच्या कपाटात जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तिथूनच पुढे लिहिता येईल.