माकड व वानर : बिरवाडी परिसरातील संरक्षण

नरवानर गणातील दोन वन्य प्राणी. रायगड जिल्ह्याच्या महाड व पोलादपूर तालुक्यांत काळ नदीकाठच्या बिरवाडीपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत दोन्ही आढळतात. रोज नजरेस पडत असल्याने त्यांना धोका नाही, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा असून त्यामुळेच त्यांच्या रक्षणाकडे दुर्लक्ष झाले आहे.

ओळख : वानराचे (हनुमान वानर) तोंड काळे, अंग राखाडी आणि शेपटी धडापेक्षा लांब असते. त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असून त्यात पाने आंबवून पचवली जातात. कोवळी पाने, फुले, कच्ची फळे व शेंगा हा त्याचा मुख्य आहार. माकड (बॉनेट मकाक, शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा) आकाराने लहान व तपकिरी असते. त्याच्या डोक्यावरील केस भोवऱ्यासारखे पसरून टोपी घातल्यासारखे दिसतात. मिळेल ते खाणे गालाच्या पिशव्यांत भरून सुरक्षित जागी नेण्याची त्याला सवय आहे. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, म्हणून घटलेली संख्या सावकाश भरून येते.

बॉनेट मकाक जगात फक्त भारताच्या दक्षिण भागात आढळते. पश्चिमेकडे त्याची उत्तर सीमा ढोबळमानाने तापी नदी मानतात. उत्तरेकडचे रीसस माकड दक्षिणेकडे पसरत असून अनेक ठिकाणी त्याने बॉनेट मकाकाची जागा घेतली आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आज दोन्ही जाती दिसतात.

श्रद्धा व परंपरा : मारुतीच्या भक्तीमुळे या भागात वानर मारणे पाप मानले जाते. समर्थ रामदासांशी जोडलेली शिवथरघळ बिरवाडीपासून दूर नाही. कातकरी समाज स्वतःला रामाच्या वानरसेनेचे वंशज मानतो, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरमध्ये आहे. हा आदर मोलाचा आहे. पण तो खाऊ घालण्यापुरता उरला तर त्यातून प्राण्यांचे हित साधत नाही.

शोषण : भारतीय माकडांचा सर्वांत मोठा व्यापार प्रयोगशाळांसाठी झाला. पोलिओ लशीच्या काळात, १९५० च्या दशकात, रीसस माकडे दरवर्षी लाखांच्या घरात परदेशी जात. मोरारजी देसाई पंतप्रधान असताना १९७८ मध्ये ही निर्यात बंद झाली. देशांतर्गत प्रयोग मात्र थांबले नाहीत. २०२० मध्ये कोव्हॅक्सिन या लशीची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या सहभागाने २० रीसस माकडांवर झाली.

दारोदारी माकडाचे खेळ करून पोट भरणाऱ्या जमाती महाराष्ट्रात होत्या. १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांना खेळासाठी शिकवण्यास आणि त्यांचे खेळ दाखवण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने ती २००१ मध्ये वैध ठरवली. बंदी रास्तच होती. मात्र ज्यांचा धंदा त्यामुळे गेला त्या कुटुंबांना दुसरे साधन देणे हाही न्यायाचाच भाग आहे.

आता या शोषणाचा भर परदेशी प्राणी पाळण्याच्या हौसेवर आहे. २०१९ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने कोलकात्यात एका तस्कराकडील तीन चिंपांझी जप्त केले. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून गिबन पकडले गेले. पिल्लू मिळवण्यासाठी बहुधा आईला मारले जाते, हे अशा हौसेमागचे खरे मोल आहे.

ऱ्हासाची कारणे : २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील एका अभ्यासात, पाहणी केलेल्या भागात बॉनेट मकाकांची संख्या २५ वर्षांत ६५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. रस्त्याकडेचे वड-पिंपळ तुटणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जात आता ‘असुरक्षित’ गटात आहे. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात महाड–पोलादपूर पट्ट्यातीलही जुनी झाडे गेली. कोकणातील पुष्कळसे जंगल खाजगी मालकीचे असून तेथील तोड सहज होते. उंबर, जांभूळ, आंबा अशी फळझाडे कमी झाली की टोळ्या वाडीकडे वळतात.

वरंध घाटातील वाघजाईजवळ आणि पोलादपूर–महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात प्रवासी माकडांना भजी, बिस्किटे, वेफर टाकतात. त्यामुळे माकडे रस्त्यावर बसून राहतात, गाड्यांखाली सापडतात, हातातले हिसकावू लागतात आणि मग उपद्रवी ठरतात.

शेती : पावसाळ्यात वरकस जमिनीवरची नाचणी-वरी आणि भातानंतर घेतलेला वाल यांवर टोळी उतरली की काही वेळात हंगाम हातचा जातो. मुंबईला गेलेल्या तरुणांमुळे राखणीला माणूस नाही. शेतकऱ्याचा संताप खरा आहे. माकडांनी केलेल्या पीकनुकसानीला राज्य शासनाची भरपाई आहे. ती वेळेवर व पुरेशी मिळाली तरच संरक्षणाला गावाची साथ मिळेल. माकडे पकडून दूर सोडल्याने प्रश्न दुसऱ्या गावाच्या दारात जातो, आणि रिकाम्या जागेत नवी टोळी येऊ शकते.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने बॉनेट मकाकाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस ३ ते ७ वर्षे कारावास व किमान २५ हजार रुपये दंड आहे. याच दुरुस्तीने रीसस माकडाचे संरक्षण मात्र काढून घेतले. चिंपांझीसारखे परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले असून ते बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते.

जागतिक संदर्भ : २०१७ च्या एका आढाव्यानुसार नरवानर गणातील सुमारे ६० टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात, तर सुमारे ७५ टक्के जातींची संख्या घटत आहे. जेन गुडॉल (१९३४–२०२५) यांनी १९६० मध्ये टांझानियातील गोंबे येथे चिंपांझींचा अभ्यास सुरू केला. भोवतालच्या गावांचे जीवनमान सुधारल्याशिवाय जंगल वाचत नाही, हे त्यांच्या संस्थेने तेथे ओळखले आणि कामाची दिशा तशी बदलली.

उपाय : बिरवाडी परिसरालाही तोच मार्ग लागू पडतो. घाटात खाऊ घालणे बंद करणे, उघडा कचरा उचलणे, महामार्गालगत वड, पिंपळ, उंबर पुन्हा लावणे, खाजगी जंगल राखणाऱ्या मालकाला मोबदला देणे आणि पीकभरपाईचे पंचनामे वेळेत करणे, ही कामे स्थानिक पातळीवर होऊ शकतात. जखमी प्राणी किंवा शिकार आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते. बॉनेट मकाक दक्षिण भारताबाहेर जगात कोठेही नाही. त्यामुळे त्याच्या रक्षणाची जबाबदारी सह्याद्रीतील गावांना दुसऱ्यावर सोपवता येणार नाही.