साधा दफनविधी, लेखी वसीयत

इस्लामी दफन मुळातच निसर्गाला धरून आहे. गुस्लनंतर पुरुषाला तीन, स्त्रीला पाच साध्या कापडांचे कफन, रसायने नाहीत. मय्यत मातीत मिसळते आणि काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याच्या कामी येते. पण कबरीवर सिमेंट-फरशी चढवली की जागा कायमची अडते. सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये कबर पक्की करायला मनाई आहे. तरीही घरचे लोक मायेपोटी बांधतात. म्हणून ‘माझी कबर कच्चीच ठेवा’ हे हयातीतच लिहून ठेवावे, असे आम्हाला वाटते.

त्याच कागदावर देणी-घेणी लिहा. मालमत्तेतून खर्चाचा क्रम असा:

1. कफन-दफन
2. कर्ज, बायकोचा न दिलेला महरही कर्जच
3. वसीयत, उरलेल्याच्या जास्तीत जास्त एक तृतीयांश
4. बाकी वारसांचे हिस्से

एखाद्या वारसाला वसीयतीने जादा द्यायचे तर हनफी मतानुसार इतर वारसांची संमती लागते. तोंडी वसीयतही चालते, पण भांडण टाळायचे तर लेखी करा, दोन साक्षीदार घ्या. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करा. कागद कुठे ठेवलाय, ते घरात सांगून ठेवा.