कामठीचे रुस्तमजी

रायपूरहून धमतरीचा रस्ता धरला म्हणजे सुमारे तीस किलोमीटरांवर अभनपूर लागते. येथून एक वाट राजीमला, राजीवलोचनाच्या देवळाकडे फुटते. दुसरी धमतरी आणि कांकेर मागे टाकून थेट बस्तरात, जगदलपूरला जाते. इंग्रजी अमदानीत घातलेल्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीलाही याच गावी दोन फाटे फुटत. ते रूळ आता उखडले गेले असून त्यांच्या जागी रुंद मार्ग आला आहे. एरवी गाव म्हणजे तहसिलीच्या चार गावांसारखे एक गाव. अशा ठिकाणी सरकार म्हणून जी काही वस्तू आहे ती गावकऱ्याच्या लेखी ठाण्यापाशी सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. ठाणेदाराच्या वर कोण, त्याच्याही वर कोण, हे जाणून घेण्याची गरज त्याला क्वचितच पडते.

अगदी वर जो असतो त्याचे चरित्र म्हणूनच सहसा लिहिले जात नाही. मंत्र्यांची चरित्रे निघतात, सेनापतींची निघतात, दरोडेखोरांवर तर चित्रपटही निघतात. पोलीसप्रमुख मात्र निवृत्त झाला की विस्मृतीत जातो. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत त्यांपैकी एकाची ओळख येथे करून द्यावयाची आहे. १९५८ ते १९६५ या काळात अभनपूरचे ठाणे ज्यांच्या हुकमतीखाली होते, त्या मध्य प्रदेशाच्या पोलीसदलाचे प्रमुख खुसरो फरामर्झ रुस्तमजी हे आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे.

रुस्तमजींचा जन्म १९१६ चा. कामठी ही १८२१ च्या सुमारास वसलेली इंग्रजांची छावणी. छावणीच्या आश्रयाने जी नानाविध मंडळी तेथे येऊन राहिली त्यांत पारशी घराणीही होती. १९३८ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलीससेवेत दाखल झाले. तो प्रांत आज कोणाच्या फारसा स्मरणात नाही, पण आपल्यासारख्या मराठी मुलखाबाहेर राहिलेल्या वाचकांना तो विसरता येणार नाही. नागपूर ही त्याची राजधानी. अकोला आणि रायपूर, अमरावती आणि बिलासपूर ही एकाच सरकारची ठाणी. मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत त्याचा कारभार चाले. वऱ्हाडातल्या कारकुनाची बदली छत्तीसगडात होई, आणि त्याची मुलेबाळे मग तेथलीच होऊन जात. रायपूर, बिलासपूर, जबलपूर येथली कितीतरी मराठी घरे अशाच एका बदलीच्या हुकमापासून सुरू झालेली आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रांत दुभंगला. नागपूर-विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; उरलेला महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ यांचा नवा मध्य प्रदेश झाला. रुस्तमजी नोकरीने मध्य प्रदेशात राहिले आणि त्यांचे जन्मगाव परराज्यात गेले. असे ज्यांचे झाले त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. आमच्या मंडळींना हा अनुभव परका नाही, एवढे म्हटले म्हणजे पुरे.

तथापि राज्य दुभंगले त्या वेळी ते प्रांतात नव्हतेच. १९५२ पासून सहा वर्षे पंडित नेहरूंच्या संरक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर होती. हे काम वरून मानाचे दिसते. वस्तुतः ते अत्यंत अवघड. ज्याचे रक्षण करावयाचे त्याला रक्षण नको होते. नेहरू गर्दी दिसली की तीत शिरत, पोलिसांचे कडे दिसले की संतापत. मार्च १९५५ मध्ये खुद्द नागपुरात एक रिक्षावाला सुरा घेऊन त्यांच्या उघड्या मोटारीवर चढला. नेहरूंना इजा झाली नाही, आणि त्यांनी तो प्रकार फारसा मनावरही घेतला नाही. पण संरक्षणाधिकाऱ्याच्या मनाची त्या क्षणी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करणे कठीण नाही, आणि तेही त्याच्या स्वतःच्या गावापासून हाकेच्या अंतरावर! या सहा वर्षांत रुस्तमजी नियमाने दैनंदिनी लिहीत. त्यांच्या मृत्यूनंतर पी. व्ही. राजगोपाल या पोलीस अधिकाऱ्यांनी त्या वह्यांचे संपादन करून त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. पोलीस अधिकारी आज्ञा पाळतो, क्वचित बोलतो आणि लिहीत तर नाहीच, असा जो आपला समज आहे त्याला त्या वह्यांनी चांगलाच धक्का दिला.

१९५८ मध्ये ते मध्य प्रदेशाचे इन्स्पेक्टर जनरल झाले. त्या काळी राज्याच्या पोलीसदलातील हे सर्वोच्च पद होते. डायरेक्टर जनरल ही पायरी पुढे आली. हाती आलेले दल एकजिनसी नव्हते. नागपूरच्या शिस्तीतले पोलीस, ग्वाल्हेर-इंदूरच्या संस्थानी परंपरेतले पोलीस, विंध्यप्रदेशातले आणि भोपाळचे, या सर्वांना एका गणवेशात आणावयाचे होते. छत्तीसगडात त्या मानाने शांतता होती. आग होती ती उत्तरेला, भिंड-मुरैन्याच्या बाजूला, चंबळेच्या घळींमध्ये.

चंबळेचा दरोडेखोर म्हटला की आपल्यापुढे चित्रपटातला दरोडेखोर उभा राहतो. खरा प्रकार पुष्कळ रूक्ष होता. नदीने शेकडो वर्षे माती कापून केलेल्या घळी, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या तीन राज्यांच्या सीमा एकमेकींना लागून, घरोघर बंदुका, आणि जातीजातींतली पिढीजात वैरे. एका राज्याचे पोलीस मागे लागले की टोळी दुसऱ्या राज्यात उतरे. जो सूड उगवून फरारी होई त्याला ‘दरोडेखोर’ न म्हणता ‘बागी’ म्हणण्याची त्या मुलखाची रीत होती, आणि या एका शब्दात पोलिसांचा अर्धा पराभव साठवलेला होता. रुस्तमजींनी सशस्त्र तुकड्या आणि खबऱ्यांचे जाळे यांच्या जोरावर टोळ्यांचा पाठलाग आरंभिला. अमृतलाल, रूपा, लाखन अशा टोळीनायकांचा शेवट याच सुमारास झाला. गावकऱ्यांची नाके कापणारा गब्बरसिंग १३ नोव्हेंबर १९५९ रोजी चकमकीत मारला गेला. दुसऱ्या दिवशी नेहरूंचा वाढदिवस होता, आणि आपल्या जुन्या साहेबाला रुस्तमजींनी ही बातमी वाढदिवसाची भेट म्हणून कळविली. सोळा वर्षांनी हेच नाव एका हिंदी चित्रपटाने घराघरांत नेले हे वाचकांस सांगावयास नकोच.

आणि याच वेळी विनोबा चंबळेत आले. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंगाने, म्हणजे विख्यात मानसिंगाच्या मुलाने, तुरुंगातून त्यांना पत्र पाठविले होते. मेजर जनरल यदुनाथसिंगांनी मध्यस्थी केली, आणि मे १९६० मध्ये वीस दरोडेखोरांनी विनोबांच्या पुढे शस्त्रे ठेवली. देशभर या प्रसंगाचे कौतुक झाले. वाल्याचा वाल्मीकी झाला, अशी भाषा वर्तमानपत्रांतून वाहू लागली. त्या कौतुकाच्या पुरात जाहीरपणे उलट बोलणारा एक सरकारी अधिकारी होता, तो म्हणजे या राज्याचा पोलीसप्रमुख. या मोहिमेने पोलिसांचे धैर्य खचते, ज्यांनी खून केले त्यांना मोठेपणा मिळतो आणि ज्यांचे खून झाले त्यांची कोणी वास्तपुस्त करीत नाही, असा रुस्तमजींच्या आक्षेपाचा आशय होता.

या वादाचे दोन्ही पक्ष आपल्याच अंगणातले. पवनार आणि कामठी यांत शंभर किलोमीटरांचेही अंतर नाही. गागोद्यात जन्मलेल्या, गीता मराठीत आणणाऱ्या विनोबांविरुद्ध बोलावयास त्या काळी धाडस लागे, आणि सरकारी नोकरीत राहून ते करावयास तर अधिकच. आमचे मत विचाराल तर रुस्तमजींचा आक्षेप खोटा नव्हता, अपुरा होता. विनोबांनी कोणाला माफी दिली नव्हती. शरण आलेल्यांवर खटले झालेच. त्यांनी दिले ते एवढेच, की घळीतून न्यायालयापर्यंत जिवंत पोचण्याची वाट. चकमकीत पडलेल्याला ती मिळत नसे. १९७२ मध्ये जयप्रकाशांच्या पुढे मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्यासह शेकडो जण शरण आले, तेव्हा विनोबांची वाट अगदीच आंधळी नव्हती हे दिसून आले. मात्र बंदुकीचा धाक नसता तर त्या वाटेने कोणी चालले असते काय, हाही प्रश्न तेवढाच खरा.

फेब्रुवारी १९६१ मध्ये जबलपुरात जातीय दंगल पेटली. स्वातंत्र्योत्तर काळातील ही पहिली मोठी दंगल. चंबळेत ज्या दलाचे नाव झाले त्याच दलाला आपल्याच शहरातल्या शेजाऱ्याशेजाऱ्यांतली आग वेळेवर विझविता आली नाही. दरोडेखोराचा पाठलाग करणे आणि अफवेचा पाठलाग करणे या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि दुसरीचे शिक्षण आपल्याकडे अजूनही पुरेसे दिले जात नाही.

१९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्तानचा हल्ला झाला. त्या वेळेपर्यंत सरहद्दीची राखण त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस आपापल्या परीने करीत असत. हल्ल्याने त्यातला दुबळेपणा उघड केला. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल उभे राहिले, आणि त्याचे पहिले प्रमुख रुस्तमजी झाले. राज्यांकडून आलेल्या पंचवीसेक पलटणींचे ओबडधोबड गाठोडे त्यांच्या हाती आले. सहा वर्षांच्या आत त्या दलाची परीक्षा झाली. मार्च १९७१ च्या अखेरीस ढाक्याहून निसटलेले ताजुद्दीन अहमद सरहद्दीवर आले तेव्हा त्यांना प्रथम भेटले ते याच दलाचे अधिकारी; रुस्तमजींनी त्यांची दिल्लीपर्यंत जाण्याची व्यवस्था केली. १७ एप्रिलला बैद्यनाथतळ्याच्या आमराईत बांगलादेशाच्या सरकारचा शपथविधी झाला, त्यामागेही या दलाचे हात होते. १९७४ मध्ये दलातून निवृत्त झाल्यावर समुद्री चोरव्यापाराला आळा घालण्यासंबंधी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले, आणि त्या समितीच्या शिफारशीतून पुढे तटरक्षक दल निघाले. समुद्रापासून शेकडो कोस दूर कन्हानच्या काठी वाढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावे, ही एक मौजच.

इथपर्यंतचे चरित्र हे यशस्वी अधिकाऱ्याचे चरित्र आहे. त्याला निराळे वळण मिळाले ते निवृत्तीनंतर. १९७७ मध्ये केंद्र सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. रुस्तमजी त्याचे सभासद होते. टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्राध्यापक म. स. गोरे हेही होते. या कामानिमित्त रुस्तमजी बिहारातल्या तुरुंगांत गेले. तेथे जे दिसले ते त्यांच्यासारख्या मुरलेल्या पोलिसालाही असह्य झाले. गुन्हा शाबीत झाला असता तर जितकी शिक्षा भोगावी लागली असती त्याहून अधिक वर्षे पुष्कळ जण कच्चे कैदी म्हणूनच आत पडून होते. खटला उभा राहिला नव्हता. जामिनाला पैसा नव्हता. काहींचा अपराध तर एवढाच, की ते कोणा गुन्ह्याचे साक्षीदार किंवा बळी होते.

आयोगाचा अहवाल निघेपर्यंत ते थांबले नाहीत. जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये त्यांनी दोन लेख लिहिले. ते वाचून दिल्लीच्या वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. आपला ज्या खटल्याशी काही संबंध नाही त्यासाठी वर्तमानपत्राच्या कात्रणावर न्यायालयाचे दार ठोठावणे, हे तोपर्यंत कोणी फारसे ऐकले नव्हते. हुसैनआरा खातून या कैदी स्त्रीच्या नावाने तो खटला ओळखला जातो. न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला, की जलद न्याय हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. हजारो कच्चे कैदी त्यानंतर मोकळे झाले, आणि लोकहिताच्या याचिकेची वाट या देशात रुळली.

चंबळेत शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांकडे साशंकतेने पाहणारा हाच माणूस काय, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. आमच्या मते हाच, आणि त्यात वाटते तितकी विसंगती नाही. गुन्हेगाराला संताच्या शब्दाने मोठेपणा मिळावा हे त्यांना रुचले नाही, आणि निरपराध्याला सरकारच्या विसराळूपणाने शिक्षा व्हावी हेही सोसले नाही. दोन्ही वेळा त्यांचे गाऱ्हाणे एकच होते : न्यायालयाने करावयाचे काम न्यायालयात होत नाही. मात्र चंबळेच्या घळीत पडलेल्यांची बाजूही न्यायालयाने कधी ऐकली नव्हती, हे उरतेच. १९७९ चे लेख लिहिताना ते त्यांना आठवले असेल काय? ज्याने आयुष्यभर दैनंदिनी लिहिली त्याच्याविषयी हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

१९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पोलीस आयोगाच्या शिफारशी मात्र दप्तरात पडून राहिल्या. सप्टेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील काही अमलात आणण्याचा आदेश दिला, तेव्हा रुस्तमजी हयात नव्हते. मार्च २००३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याआधी, १ नोव्हेंबर २००० रोजी, ते ज्या राज्याचे पोलीसप्रमुख होते तेही दुभंगले होते, आणि अभनपूरच्या ठाण्यावर छत्तीसगड पोलीस अशी पाटी आली होती.