आपल्या घराण्याची वही

आपल्या महाराष्ट्रात कुलसंमेलनांची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. एका आडनावाची माणसे गावोगावहून एखाद्या मंगल कार्यालयात जमतात. मूळ पुरुषापासूनचा वंशवृक्ष भिंतीवर लावलेला असतो. वयोवृद्धांचा सत्कार होतो, कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे प्रकाशन होते. परदेशांतही ही ओढ वाढते आहे. अ‍ॅलेक्स हेली यांचे 'रूट्स' हे पुस्तक 1976 साली आले आणि गुलामगिरीत ज्यांची नावेच पुसली गेली, त्या लोकांनाही आपले पूर्वज शोधावेत असे वाटू लागले. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे 2011 पासून भरणारा 'रूट्सटेक' मेळावा तर केवळ वंशावळींसाठीच आहे.

अशा मेळाव्याला वर्धा जिल्ह्यातील एखादे कॅथलिक कुटुंब प्रथमच गेले, तर त्याला तीन प्रश्न हमखास विचारले जातील. मूळ पुरुष कोण? मूळ गाव कोणते? कुलदैवत कोणते? या प्रश्नांपुढे आपल्यातील अनेक जण गप्प होतात. या गप्प बसण्यात थोडा संकोचही असतो. तो संकोच अनाठायी आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम ज्यांच्यापाशी उत्तरे असतात त्यांची ती कोठून येतात, ते पाहू. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी आणि इतरत्र भाट घराण्यांच्या वंशावळी सांभाळत आले. हा ठेवा मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु ज्याला तीर्थयात्रा परवडे आणि ज्याला देवळाच्या दारात उभे राहू दिले जाई, त्याचेच नाव बहुधा त्या वह्यांत चढे. गावकुसाबाहेरच्या माणसाला पूर्वज नव्हते असे नाही. त्याच्या पूर्वजांसाठी वही नव्हती.

आपल्या ख्रिस्तसभेत मात्र अशी एक वही गेली साडेचारशे वर्षे लिहिली जात आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 साली प्रत्येक धर्मग्रामात विवाहाची नोंदवही ठेवण्याचा नियम केला आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता यांची नावे लिहून ठेवण्यास सांगितले. त्यामागचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. स्नानसंस्कारामुळे जे आध्यात्मिक नाते जुळते, त्या नात्यात विवाह होऊ नये यासाठी ते नाते लेखी असणे आवश्यक होते. म्हणजे रक्तापलीकडचे नातेही नोंदण्याजोगे असते, हे त्या वहीने आरंभीच मान्य केले. पुढे 1614 च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूची नोंदवहीही घालून दिली. विवाहाची नोंद वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी करावी, हा नियम 1907 च्या 'ने तेमेरे' या आदेशाने दृढ केला. म्हणूनच समासातील एक ओळ आपल्याला एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात घेऊन जाते.

वर्ध्यातील कॅथलिक कुटुंबांचा इतिहास या समासांतच दडलेला आहे. वर्धा जिल्हा 1862 साली नागपूरपासून वेगळा झाला आणि 1867 मध्ये लोहमार्ग नागपुरापर्यंत पोहोचला. रेल्वे, हिंगणघाट व पुलगाव येथील कापडगिरण्या, पुलगावचे दारूगोळा भांडार, 1969 साली सुरू झालेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय अशा निमित्तांनी गोवा, मंगळूर, तामिळनाडू, केरळ येथील माणसे इकडे येत राहिली. त्यांच्याच बाकावर येथील मातीतली मराठी कुटुंबेही बसत होती. नागपूरचा धर्मप्रांत 1887 साली स्थापन झाला. फ्रान्समधील आन्सी येथून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाच्या मिशनऱ्यांनी तो उभा केला. पुढे 1962 साली चांदा येथे सिरो-मलबार विधीची स्वतंत्र व्यवस्था झाली आणि वर्धा जिल्हा तिच्या कक्षेत आला. तेव्हा वर्ध्यातील एखाद्याच्या पणजोबांचा शोध नागपूरच्या वहीत लागेल, तर एखाद्याचा केरळातल्या गावच्या देवळात.

ही वही वाचताना मात्र सावध असावे. जुन्या नोंदी लातिन भाषेत आहेत. 'योआनेस' म्हणून लिहिलेला मुलगा घरी जॉन, जुआंव किंवा योहान असू शकतो. 'याकोबुस' हा जेम्स असेल वा तियागो. जन्माची तारीख आणि स्नानसंस्काराची तारीख एक नसते. आडनावावर तर फारच जपून भिस्त ठेवावी. वसई पोर्तुगिजांकडे 1534 ते 1739 पर्यंत होती. त्या काळात वसई-साष्टीत, तसेच गोव्यात, नवख्रिस्ती माणसाला अनेकदा धर्मपित्याचे अथवा धर्मगुरूचे आडनाव मिळे. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे भिन्न, आणि आडनाव एक असूनही रक्ताचा संबंध नाही, असे घडले. 'आपले पूर्वज पोर्तुगीज होते' असे केवळ आडनावावरून म्हणणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. विदर्भ-मराठवाड्यातील पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांनी मात्र आपली मराठी आडनावेच कायम ठेवली.

या वहीचा आणखी एक विशेष आहे. परंपरागत वंशवृक्षात बाप, त्याचा मुलगा, त्याचा नातू अशी पुरुषांची साखळी असते. लेकी आणि सुना पानाच्या कडेला राहतात. स्नानसंस्काराच्या नोंदीत पित्याबरोबर मातेचे नाव लिहिण्याची रीत आहे. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले. आपल्या वहीत ती माऊली शतकांपूर्वीच आली. भुईमुगाच्या शेतात राबणाऱ्या, अक्षर न ओळखणाऱ्या एखाद्या पणजीचे नाव जगात एकाच ठिकाणी लिहिलेले असेल, तर ते तिच्या लेकराच्या स्नानसंस्काराच्या ओळीत.

वंशावळ केवळ रक्ताने चालते, हा समजही वर्ध्याला शोभणारा नाही. जमनालाल बजाज यांचा जन्म 1889 साली राजस्थानातील सीकर भागात झाला. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले, आणि आज वर्ध्याचा इतिहास त्या दत्तक नातवाखेरीज लिहिता येत नाही. 1928 साली आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले. संत मत्तयने दिलेली वंशावळ तरी काय सांगते? चौदा-चौदा पिढ्यांच्या त्या ओळीत तामार आहे, राहाब आहे, मवाबी रूथ आहे, उरियाची पत्नी आहे. ज्यांची नावे एखादा कुलाभिमानी सहज गाळील, तीच तेथे आवर्जून घेतली आहेत. आणि ती ओळ ज्या योसेफापाशी येऊन थांबते, तो येशूचा पालक पिता आहे, जन्मदाता नव्हे.

तेव्हा कुलसंमेलनाला जावे, आणि ताठ मानेने जावे. त्याआधी तीन गोष्टी कराव्यात. घरातील वृद्धांना गावांची आणि धर्मग्रामांची नावे विचारून, त्यांच्या हयातीतच, ती लिहून घ्यावीत. धर्मग्रामाच्या कचेरीत रीतसर अर्ज करून आपल्या घराण्यापुरते उतारे मागावेत. या वह्या सरसकट बाहेरच्या संस्थांच्या हाती देऊ नयेत, असे रोमने 2008 साली सर्व धर्मप्रांतांना कळवले आहे. म्हणून हे काम कोणी परका आपल्यासाठी करील अशी वाट पाहू नये. तिसरे, वंशवृक्ष काढताना धर्मपिता-धर्ममातांसाठी एक रकाना ठेवावा आणि लेकींच्या फांद्या छाटू नयेत.

मग कोणी मूळ पुरुष विचारला, तर ज्याच्यापासून आपली नोंद सुरू होते त्या आजोबाचे अथवा आजीचे नाव सांगावे. दोनच पिढ्या असल्या, तरी त्या लिहिलेल्या आहेत, आणि पुढचे पान आपल्या हाती आहे.